वळणावरचा कॅमेरा

सोनबा आबांनी काठी फरशीवर आपटली आणि ग्रामसभेला सरळ सांगून टाकलं, “त्यो कॅमेरा आजच्या आज काढा. त्यो बसल्यापासनं बिबटं लई वाढल्यात.”

माना डोलल्या. अंगणवाडीच्या वळणावर कॅमेरा नव्हता तेव्हा वर्षभरात बिबट्या कुणाला दिसला नव्हता. कॅमेरा बसला आणि तीन आठवड्यांत अकरा वेळा दिसला.

“लाल दिवा लुकलुकतोय त्याचा,” गेणभाऊ म्हणाले. “जनावर दिव्याला येतंय.”

दिशा उठली. ती ग्रामपंचायतीत संगणकावर काम करायची आणि उरलेल्या वेळात सरकारी परीक्षांचा अभ्यास. मागच्या वेळी तर्काच्या पेपरात दोन गुणांनी हुकली होती. तेव्हापासून असले प्रश्न ती झोपेतही सोडवायची.

“आबा, बिबट्या आधीपण येतच होता. आता दिसायला लागला, एवढंच. मी बिबट्याचा फोटो मोबाईलवर पाठवला की पोरांच्या आया त्यांना सोडायला स्वतः येतात. कॅमेरा काढला म्हणून बिबट्या जाणार नाही. फक्त आपल्याला कळायचं बंद होईल.”

“न कळल्यालंच बरं व्हतं बाई,” धोंडाबाई म्हणाल्या. “झोप तरी लागायची.”

सभा खदखदून हसली. कॅमेरा काढण्यासाठी हात वर होऊ लागले. दिशाचे कान तापले. उत्तर बरोबर होतं, पण गुण मिळत नव्हते.

एकटे आबा हसले नव्हते. ते चोरून पहिल्या ओळीत बसलेल्या तुकाबाईंकडे, आपल्या बायकोकडे, बघत होते. आणि दिशाला आठवलं. रोज सकाळी फोटो तपासताना बिबट्यापेक्षा जास्त वेळा तिला आबाच दिसायचे. वळणापलीकडे रामनाथच्या हॉटेलच्या बाकावर, मांडीवर जिलबीचा कागद पसरून. म्हातारा माणूस म्हणून तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“कॅमेरा उसाच्या बाजूला फिरवू या का?” ती म्हणाली. “बिबट्या तिकडनंच येतो. हॉटेलकडं बघून काय करायचंय?”

आबांनी काठी हळूच भिंतीला टेकवली.

“पोरगी शिकल्याली हाय, राव,” ते सभेला म्हणाले. “दिव्याला कुठं जनावर येतंय व्हय?”

गेणभाऊंनी हात खाली घेतला. त्यांच्यामागे बाकीच्यांनीही. कॅमेरा राहिला.

सभा उठल्यावर तुकाबाईंनी दिशाला दारातच गाठलं. मागे आबा चपला घालत होते.

“तू हुशार, म्हणून इचारते. डॉक्टरनं ह्यांना फिरायला सांगितलं. दोन म्हैनं झालं, रोज सकाळी न चुकता जात्यात. अन् शुगर वाढतच चाललीया. चालण्यानंच वाढती, न्हाई का? मी आता त्यांचं फिरणंच बंद करते.”

आबांचा एक पाय चपलेत आणि दुसरा हवेत, तसाच थांबला.

दिशाने त्यांच्याकडे पाहिलं, मग तुकाबाईंकडे.

“फिरणं नका बंद करू, आजी,” ती म्हणाली. “उद्यापासनं तुमीपण जात जा त्यांच्याबरोबर.”

आबा पायरीवर मटकन बसले.