बेचाळीस फ्लॉप्या

“ही पन कोरी हाय, बाय.” दाजींनी सहावी फ्लॉपी बाहेर काढून शरीफापुढे सरकवली.

“कोरी कशी असेल? या हातांनी भरल्यात मी. तुमचा कॉम्प्युटरच आंधळा आहे.”

“आंधला तं आंधला. तलोज्याचं मशीन पन आंधलं, माजा कॉम्प्युटर पन आंधला, आनि तुमी एकल्याच डोलस?”

पनवेलच्या बाजारातल्या एका जिन्याखाली दाजींचं दुकान. कारखान्यातून निवृत्त झालेला हा गव्हाणचा गृहस्थ जुन्या यंत्रांचे फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करत बसे. बाकी दुनियेने हा धंदा कधीच सोडला होता, म्हणूनच तो त्यांचा चालत होता.

शरीफाचं म्हणाल, तर तिने अठरा वर्षं भरतकामाच्या मशीनवर पंचिंग केलेलं. म्हणजे कागदावरची नक्षी टाक्याटाक्याने मशीनला शिकवायची. तिला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याचे हात बघून बघून शिकली. सर्टिफिकेट म्हणाल तर रेशनकार्डाशिवाय तिच्या नावाचा कागद नाही. मग कारखाना बंद पडला, मशीन भंगारात गेलं, मालकाने सगळ्यांना नारळ दिला आणि हिला वर बेचाळीस फ्लॉप्यांची पिशवी दिली. “तुझीच डिझाइनं, घेऊन जा,” म्हणाला.

चौपन्नाव्या वर्षी कामावर ठेवतं कोण? तळोज्याच्या एका नव्या कारखान्याने सांगितलं, डिझाइनं आणा, मग बघू. तिथल्या निकेश सुपरवायझरने आठ-दहा फ्लॉप्या मशीनमध्ये घालून पाहिल्या आणि सगळ्या कारागिरांसमोर म्हणाला, “आंटी, यात तर काहीच नाही.”

काहीच नाही! अठरा वर्षांत काहीच नाही. सोमवारपर्यंतची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी.

“जुन्या मशीनच्या ड्राइव्हनं कंदी मार खाल्लेला?” दाजींनी विचारलं.

“मार नाही हो. अडकला की कात्रीच्या मुठीने टकटक करायचे.”

“किती वर्सं?”

“दुसऱ्या वर्षापासून.”

“सोला-सतरा वर्सं टकटक!” दाजी खोकेपर्यंत हसले. “मंग त्याचं डोकं सरकनार नाय तं काय. मानसाचं पन सरकलं आसतं.”

मग त्यांनी पाटीवर रेघा ओढून समजावलं. ड्राइव्हचं हेड ठरलेल्या रेघेवर लिहितं, त्याच रेघेवर वाचतं. कात्रीच्या ठोक्यांनी ते केसभर बाजूला गेलं आणि रेघ सोडून लिहीत राहिलं. लिहिणारं तेच, वाचणारंही तेच, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. सरळ ड्राइव्ह मात्र रेघेवर शोधतो आणि फ्लॉपी कोरी म्हणून मोकळा होतो.

“या अल्ला. म्हणजे मीच केलं.” शरीफाने पिशवीवर हात ठेवला. “मग आता?”

“आता माजा चांगला ड्राइव्ह वाकडा करायचा. दुसरं काय.”

दाजींनी एक स्क्रू सैल केला आणि हेड किंचित ढकललं. घर्रर्र. काही नाही. आणखी किंचित. शरीफा डोळे मिटून ऐकत होती.

“थांबा! हाच आवाज. घर्र-टक, घर्र-टक.”

पडद्यावर नावं उमटली. केवडा. केवडा दोन. मोरनी. महेक, लेकीच्या निकाहच्या ओढणीसाठी रविवारी बसून केलेली वेल ती. आता रडू फुटणार असं शरीफाला वाटलं. आली ती जांभई. तीन रात्री झोप नव्हती.

पुढच्या वर्षाच्या फ्लॉपीला स्क्रू आणखी जरासा फिरवावा लागला, त्याच्या पुढच्या वर्षाला त्याहून जास्त. तिची वर्षं तशी हळूहळूच सरकत गेली होती.

तेवढ्यात निकेशचा फोन आला.

“निघालं का आंटी? मस्त! सगळं एका पेनड्राइव्हवर टाका आणि गेटवर वॉचमनकडे ठेवा. बाकी आम्ही बघतो.”

“आणि मी कधी येऊ?”

“कळवतो ना.”

फोन बंद झाला. दाजी पेनड्राइव्ह लावायच्या तयारीत होते. शरीफाने मध्ये तळहात धरला.

“नको. हा वाकडा ड्राइव्हच द्या मला. आणि कुठल्या वर्षाला स्क्रू किती फिरवायचा, ते शिकवा.”

“त्यांच्या मशीनमदी गेलं का त्यांचंच व्हनार, बाय.”

“होऊ दे ना. पण एकेक होईल. महिन्याला एक दिली तरी साडेतीन वर्षं निघतात.”

“आनि मंग?”

“मग माझे गुडघे तसेही जाणारेत.”

एक बारीक स्क्रूड्रायव्हर शोधून दाजींनी तिच्यापुढे ठेवला.

सोमवारी पेनड्राइव्ह नाही म्हणून निकेश आधी बराच चिडला. मग फोनवर साहेबांशी बोलला आणि त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने मशीनचा ड्राइव्ह काढून वाकडा बसवला. शरीफाने सगळ्यांकडे पाठ केली, स्क्रू फिरवला, कान दिला, पुन्हा फिरवला. सुया खाली आल्या. पांढऱ्या कापडावर केवड्याचं पहिलं पान उमटायला लागलं तसे शेजारच्या मशीनवरचे दोघे उठून बघायला आले.

निकेशने कापडावरून बोट फिरवलं. “पुढची घाला, आंटी.”

शरीफाने पिशवीला गाठ मारली आणि आधी बसायला खुर्ची मागितली.