किरणबाबा आडवा का होत नाही?

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. एक पाळी सुटलेली, दुसरी लागायची होती, आणि दोन्ही पाळ्या माना उंचावून एकाच कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे आडव्या पट्ट्यापट्ट्यांचा पडदा टांगला होता. पडद्यापुढे लाकडी चौकटीत एक भलंमोठं पारदर्शक शीट, त्यापुढे जमिनीवर ओढलेली पांढरी रेघ, आणि शीटशेजारी काडीसारखा किडकिडीत किरणबाबा.

"शास्त्रज्ञ काय करतात?" बाबा माईकवर गरजला. "प्रकाश वाकवतात, थांबवतात, त्यासाठी रात्रीचा दिवस करतात. अरे, मी तर प्रकाश पाळलाय! शीळ घातली की येतो!"

मग तो शीटमागे सरकला, माईक छातीशी धरून, कोपरं अंगाला चिकटवून ताठ उभा राहिला आणि दिसेनासा झाला! पडदा दिसत होता, पट्ट्या दिसत होत्या, बाबा नव्हता. कॅन्टीनवाल्याची किटली कलली ती कललीच. चहा पोहोचला फोरमनच्या बुटात, पण फोरमनलाही शुद्ध नव्हती.

या फोरमनची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत, नवरासुद्धा. बाई आल्या होत्या त्या सासूबाईंना सांभाळायला. सासूबाईंचा मोतीबिंदू पिकून अगदी टोकाला आला होता. आणखी लांबवलंत तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि नेमका आठवडाभर आधी हा बाबा उगवला.

"मोतीबिंदू म्हणजे रुसलेला प्रकाश," हवेतून बाबाचा आवाज आला. "त्याची समजूत घालायची सोडून चाकू लावता? ऑपरेशन रद्द करा. माझ्यावर सोपवा."

"ऐकलंस ना?" फोरमनने बायकोला ढोसलं. "उद्या पाळी सुटली की दवाखान्यात फोन करतो."

"शीटमागे आरसा असेल."

"आरसा असता तर त्यात आपण नसतो दिसलो?"

नवऱ्याचं बरोबर होतं, याचा बाईंना बाबापेक्षा जास्त राग आला. कॅन्टीनवाल्याने मलाही अदृश्य करा म्हणून पुढे पोट काढलं, तेव्हा बाबाने त्याला सात्त्विक उपास सांगून परत पाठवलं. ही गोष्ट मात्र बाईंनी मनात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी वह्या तपासत होत्या. या कारखान्यात हलत्या चित्रांची कार्डं बनत, तिरकी केली की डोळा मारणारी. न छापलेले तुकडे फोरमन घरी आणायचा आणि बाई वहीत खूण म्हणून वापरायच्या. असाच एक तुकडा उचलून त्यांनी सहज समोर धरला. पलीकडे पेल्यात उभी पेन्सिल होती. ती गेली!

बाईंनी तुकडा आडवा फिरवला. पेन्सिल परत आली. उभा केला, पुन्हा गेली. मग त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. आता तुकडा उभा धरला तरी ती जाईना.

"अगं बया!" बाई एकट्याच खदखदून हसल्या. "म्हणून मेला खांबासारखा उभा राहतो!"

संध्याकाळी कॅन्टीन पुन्हा भरलं. बाबा दिसेनासा झाला, आणि बाई उठल्या.

"बाबा, जरा आडवे होता का?"

शीटमागची हवा खाकरली.

"अदृश्याला उभं-आडवं नसतं," हवा म्हणाली.

"मग नुसते हात पसरून आशीर्वाद द्या."

"अदृश्याला हात नसतात!"

"मग माईक कुणी धरलाय?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. फोरमनने कपाळाला हात लावला. तेवढ्यात सासूबाई उठून सरळ चालू लागल्या.

"आजी, थांबा! पांढरी रेघ ओलांडलीत तर भस्म व्हाल!"

"रेघ दिसायला हवी ना बाबा," सासूबाई म्हणाल्या. "मला तर तू गायब व्हायच्या आधीही दिसत नव्हतास. माझ्या लेखी चमत्कार झालाच कुठे?"

त्या रेघेवरून पार झाल्या. भस्म काही झाल्या नाहीत. पुढे केलेला हात शीटवर आपटला आणि बोटं तिथेच रेंगाळली. "सूनबाई, याला खरखरीत रेघा आहेत गं. तुझ्या वहीतल्या तुकड्यासारख्या."

"अहो," बाईंनी नवऱ्याला हाक मारली, "चौकट उचला आणि आडवी फिरवा."

फोरमन आणि कॅन्टीनवाल्याने चौकट फिरवली. रेघा आडव्या झाल्या आणि पलीकडे बाबा उगवला, जरा धूसर, पण अख्खा. पोट आत ओढलेलं, श्वास रोखलेला, तोंड टोमॅटो.

शीटच्या कोपऱ्यात कारखान्याचाच शिक्का होता. जन्मभर हेच शीट कापणारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्या हाती ते रोज गुंडाळीतून यायचं आणि लगेच कार्डाएवढं व्हायचं. अख्खं शीट समोर धरून पलीकडे बघायला कुणाला सवड होती? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"प्रत्येक रेघ म्हणजे एक इवलंसं भिंग," बाईंनी सांगितलं. "ती भिंगं प्रकाश डावी-उजवीकडे फाकवतात. उभा, बारीक माणूस मग शेजारच्या पडद्यात विरून जातो. आडव्या पट्ट्या फाकल्या तरी पट्ट्याच राहतात. प्रकाश खरंच वाकवता येतो. केसाएवढ्या काचेच्या तारेतून शास्त्रज्ञ तो हवा तिकडे वळवतात. पण कसा वळवला ते लिहून ठेवतात, तुम्हीही करून बघा म्हणतात. हा म्हणतो, रेघेपलीकडे थांबा. फरक एवढाच आहे, आणि तेवढा पुरे आहे. जो जवळ येऊ देत नाही, त्याच्या हाती आपले डोळे देऊ नका. आणि रुसलेला प्रकाश कसला? आईंच्या डोळ्यातलं भिंग धुरकटलंय. डॉक्टर ते काढून नवं बसवणार आहेत."

एवढं होईपर्यंत बाबा मागच्या दाराने गेला होता. या वेळी मात्र तो जाताना सगळ्यांना दिसला.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी घरभर नजर फिरवली. सुनेचा चेहरा जवळ ओढून नीट पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनाही रडू आवरेना. मग सासूबाईंची नजर वर गेली.

"सूनबाई, छताला केवढी ही जाळी! आणि तू म्हणत होतीस घर लख्ख आहे!"

"आई, ती अदृश्य होती," फोरमन म्हणाला, आणि मुकाट्याने झाडू आणायला गेला.