कोपरा कापलेलं कार्ड

मी पोटुशी होते, बहिरी नव्हते. पण आमच्या गावात हे एकालाही पटवून देणं मला जमलं नाही.

सन चव्वेचाळीसचा उन्हाळा होता. बाबांनी मला सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आणलं. आमचं गाव मोताळ्यापासून दोन कोसांवर. आमचे हे लढाईवर होते. बंदूक घेऊन नव्हे. मलकापूरला कापसाच्या जिनात मोटार चालवायचे, ते आता आसामकडे कुठेतरी फौजेची मोटार चालवत होते. महिन्याला त्यांचं एक कार्ड यायचं. कार्ड बाबांच्या नावानं, पण वाचायची मी, कारण बाबांना आणि मायला अक्षरओळख नाही आणि मी चार इयत्ता शिकलेली. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात हे मुक्कामाचं गाव लिहायचे आणि फौजेतला कोणी साहेब त्याच्यावर काळी शाई फासायचा. यांची लिहायची सवय जात नव्हती आणि साहेबाची फासायची. तेवढं सोडून बाकीचं मी दहादा वाचायची आणि तेवढ्यावर माझा महिना निघायचा.

चैत्राचं कार्ड आलं नाही.

त्याच सुमाराला शाळेच्या भगवानराव गुरुजींनी मायला सांगून ठेवलं, की गर्भारशीच्या कानावर वाईट पडलं तर ते पोटातल्या जिवाला बाधतं, पोरीचं मन जपा. झालं! मायनं हे असं मनावर घेतलं, की आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन बजावून आली. कोकिळेसमोर लढाई बोलायची नाही, बॉम्ब बोलायचा नाही, कोण मेलं ते बोलायचं नाही. आणि सगळं गाव माझं मन जपायला लागलं.

ते कसं जपत होते, ते ऐका. गुरुजी संध्याकाळी मारुतीच्या पारावर वर्तमानपत्र वाचत. मी घागर घेऊन त्या बाजूनं निघाले, की वाक्य अर्ध्यावर तुटायचं. "आसामच्या सरहद्दीवर आपल्या फौजेचे..." आणि पुढे चूप. दहा-पंधरा माणसं माझ्याकडे बघतायत आणि गुरुजी पेपराची घडी घालत म्हणतायत, "आज ऊन काय छान पडलं!" वैशाखात! मोताळ्याच्या उन्हात! कावळे चोच उघडी टाकून बसलेले आणि हे छान ऊन.

शेजारच्या वच्छलाबाईची गाय मेली. मी विचारलं, गोठा रिकामा काऊन? तर म्हणे, गाय मामाच्या गावी गेली. गाईला मामा असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी हसले नाही. मनात म्हटलं, ही बाई गाईबद्दल इतकं खोटं बोलते, तर माणसाबद्दल किती बोलत असेल?

मला खरोखर काहीच कोणी सांगितलं नसतं आणि नेहमीसारखे वागले असते, तरी चाललं असतं. पण मी आत पाऊल टाकलं की बोलणं बंद. बाबा माझ्याकडे सरळ बघेनात. ज्या माणसानं जन्मात बाजारातून कधी खाऊ आणला नाही, तो माझ्यासाठी खारका आणायला लागला. मायनं सोमवार धरला, मग गुरुवार धरला, मग शनिवारही. विचारलं तर म्हणे, नवस हाये. काय नवस? की ती उठून जात्यापाशी जाऊन बसायची.

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या अर्ध्या तुटलेल्या वाक्यांचे पुढचे अर्धे मी जोडत बसायची. यांना मी नदीत बुडवलं, दरीत मोटारीसकट ढकललं, जपान्यांच्या हाती दिलं. गुरुजींच्या पेपरात एवढं खात्रीनं नसेल. जेवण जाईना. चांदबी सुईण आली, चारी बाजूंनी पोट चाचपत बसली. मग मायवरच खेकसली, "पोरगी खात नाही तं लेकरू काय खाईन? याचं हलनं कमी झालं. काय घोर लावला हिले तुमी लोकायनं?"

माय म्हणाली, "आमी तं तिले काहीच सांगतलं नाही वं, चांदबी."

"तेच तं!" मी ओरडले. पण मी ओरडले की सगळे म्हणायचे, गरमी झाली, हिला सब्जा द्या.

पोटातलं लेकरू दोन दिवस नीट हललं नाही, तेव्हा मी ठरवलं. बशीर आठवड्यातून दोनदा मोताळ्याहून टपाल घेऊन पायी यायचा. मी गावाबाहेर चिंचेखाली त्याची वाट अडवून उभी राहिले.

"बशीरभाई, माहं कार्ड?"

"आज नाही, ताई."

"अन् चैत्राचं?"

बशीर खोटं बोलण्यात कच्चा. "ते तं देल्लं ना म्या, अठरा दिस झाले. काकाच्याच हाती देल्लं," असं बोलून गेला आणि मग जीभ चावली. मी जागची हलत नाही असं बघून म्हणाला, "म्या वाचलं नाही, ताई. कसम खाऊन सांगतो. कोपरा कापलेला पाह्यला अन् मंग पुढं पाहाची हिंमतच झाली नाही."

आमच्याकडे मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. ते घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं.

मी घरी कशी आले, मला सांगता येणार नाही. पाय चालत होते. अंगणात बाबा बैलांना पाणी दाखवत होते आणि माय जात्यापाशी बसली होती.

"कार्ड द्या," मी म्हटलं.

"कोनतं कार्ड?" बाबा म्हणाले. इतकं झाल्यावरही!

"कोपरा कापलेलं. बशीरनं सांगतलं मले."

माय धावत आली. "घरात आनू नका जी ते! पोटाशी हाये ती!"

"माय, म्या बाहीर उभी हावो. इथंच वाचतो."

बाबा गोठ्यात गेले. छपराच्या कुडात खोवलेलं कार्ड काढायला त्यांना फार वेळ लागला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. बाहेर येऊन म्हणाले, "गुरुजीले दाखवलं असतं तं दिवस मावळायच्या आत साऱ्या गावात झालं असतं. अन् घरात वाचनारी तूच. मंग कोनाले दाखवू? म्या तसंच ठेवलं. बाळंत झाली का सांगू म्हनलं."

मी कार्ड हातात घेतलं. वाचायच्या आधीच माझं लक्ष अक्षराकडे गेलं. ते यांचं अक्षर होतं. तो लंगडा 'म', ती लांब ओढलेली वेलांटी. मेलेला माणूस आपल्या मयताचं कार्ड आपल्याच हातानं कसं लिहील?

मग कोपरा बघितला. फाडलेला नव्हता, कात्रीनं सरळ कापलेला होता. नेमका तिथेच, जिथे हे मुक्कामाचं गाव लिहितात. साहेबाची शाई संपली असेल किंवा यांच्या सवयीचा त्याला कंटाळा आला असेल. या वेळी त्यानं कोपराच उडवला होता!

"जित्ते हायेत," मी म्हटलं. "त्यायनंच लिवलं."

बाबा खाली बसले. माय उभीच होती, तिचा विश्वास बसेना. "वाच," ती म्हणाली. "पूर्न वाच."

मी वाचायला लागले. "तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष..." यांचं नाव मी नेहमीसारखं गाळलं. आणि पुढच्या ओळीवर थांबले. पुढे लिहिलं होतं: 'मला हिवतापाने धरले होते. पंधरा दिवस दवाखान्यात होतो, चार दिवस शुद्ध नव्हती. आता उठून बसतो व पेज घेतो. हे कोकिळेस मुळीच कळू देऊ नये. तिचे मन जपावे. कार्ड वाचून फाडून टाकावे.'

काय म्हणावं या माणसाला! आमच्या घरात कार्ड कोण वाचतं, हे यांना लग्नापासून ठाऊक. पण माझं मन जपण्याच्या भरात तेवढंसुद्धा सुचलं नाही.

मी मान वर केली. माय समोर उभी होती. चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या झालेल्या, गालाची हाडं वर आलेली. इतक्या दिवसांत मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मला वाटलं, हिनं अठरा दिवस जावयाचं मरण उरावर वागवलं, आता पुन्हा हिला तापाचा घोर कशाला?

"सगळं खुशाल हाये, माय," मी म्हटलं आणि कार्ड मिटायला लागले.

मायनं माझं मनगट धरलं. "येवढ्या ओळी लिवल्या खुशालीच्या?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ज्यांच्या नावानं मी बोटं मोडली, त्यांच्यात जाऊन बसायला मला एक क्षण पुरला. मी कार्ड पुन्हा सरळ केलं आणि सगळं वाचलं. ताप वाचला, शुद्ध नव्हती ते वाचलं, कोकिळेस कळू देऊ नये तेही वाचलं.

"हिवताप?" माय म्हणाली. "अन् आता उठून बसते ना जवाई?"

"बसते म्हनते. पेज घेते."

"मंग रडते काऊन, पोरी? हिवताप तं आपल्या इथं घरोघरी येते." असं म्हणून ती स्वतःच रडायला लागली. मोठ्यानं, गळा काढून. आवाज ऐकून वच्छलाबाई पदर तोंडाला लावून धावत आली, तिच्या मागे आणखी चौघी, पार ओलांडून गुरुजी. सगळ्यांचे चेहरे सांत्वनाचे. बाबा कधी नव्हे ते त्यांच्यावर ओरडले, "जवाई जित्ता हाये! ताप आला होता त्याले! जा घरी!"

ती सगळी गेली. मी भाकरी आणि पिठलं वाढून घेतलं आणि मायला माझ्यासमोर बसवलं. त्या दिवशी तिचा गुरुवार होता. तिनं आठवण काढली नाही आणि मीही नाही काढली. ती भराभर जेवत होती, मीही जेवत होते आणि पोटातलं लेकरू पुन्हा हलत होतं. मध्येच हात थांबवून म्हणाली,

"म्या त्याले रोज मारलं वं, कोकिळे. अठरा दिस."

"म्याही, माय."

एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून आम्ही दोघी एकाच माणसाला रडत होतो, आणि एकमेकींना सांगत होतो की आज ऊन छान पडलं.

"मले एकटीले नाही पेलत आता," माय म्हणाली. "पुढचं कार्ड तूच घे. कसंबी असन, बसून तिघं आयकू."

मी हो म्हटलं आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.