बारावं घर

डिचोलीकडच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या काठावर पंपघर आहे आणि गेली नऊ वर्षं मी, गोकुळदास, त्याची राखण करतो. राखण म्हणजे काय, तर खाणीच्या पोटात साचलेलं पाणी बांधाच्या खाली राहतंय ना एवढं बघायचं, आणि तेही खरं तर कंप्युटरच बघतो. पाणी चढलं की तो पंप सुरू करतो. बांधाला टेकलं, तर खालच्या वाड्यावरच्या बारा घरांना आपणहून फोन लावतो. मी आपला सवयीनं जनेलातून, म्हणजे खिडकीतून, पाण्यात उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या मोजतो. बावीस दिसल्या की दिवस बरा.

यादीतलं बारावं घर बांधाला अगदी लागून, माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमंगलाचं. नवरा गेल्यापासून ती तिथं एकटीच. दर सोमवारी सकाळी चाचणीचा फोन जातो, तेव्हा बाकीचे अकरा जण उचलून मुकाट ठेवून देतात, सुमंगला मात्र उलट मलाच फोन करून विचारायची, "दादा, तुजो कंप्युटर जितो आसा मरे? आनी तू जेवलो?" सकाळचे नऊ वाजलेले असायचे, पण तिचं आपलं तसंच.

जुलैत कंप्युटरची नवी सिस्टीम बाजारात आली. ती घातली की पाण्याची पातळी घरबसल्या मोबाइलवर दिसणार होती, म्हणजे माझे रविवार सुटणार होते. मी हरखलो. पण आमची इंजिनियर समीक्षा, पेडण्याची मुलगी, माझ्या निम्म्या वयाची, ती अडून बसली.

"काका, आसा तें बरें चलता न्हू? नवी सिस्टीम येवन म्हयनो जावंक ना. सा म्हयने दुसऱ्यांक फसूं दी, मागीर आमी घालूया. हें घरचें कंप्युटर न्हय."

आमच्याकडे असा वाद पडला की देवीकडे जातात. विहीर कुठं खणायची, मुलगी कुठं द्यायची, सगळ्याला तिचा प्रसाद लागतो, मग पंपघरानं काय घोडं मारलंय? भटजींनी सातेरीला गाऱ्हाणं घातलं, पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. अर्धा तास झाला, एकही पाकळी हलेना. समीक्षा बाहेर मंडपात फोनवर होती. भटजी समईत घालायला तेल आणायला उठले. देऊळ लहान, गाभारा हाताच्या अंतरावर, आणि मला माझे रविवार दिसत होते. मी उजव्या पाकळीवर हलकेच फुंकर घातली.

देवीचा होय ऐकून समीक्षानं मान तुकवली. मात्र जुन्या सिस्टीमची डिस्क तिनं पुसली नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवली. राखीपौर्णिमेला सुमंगलानं मला राखी बांधली आणि दुसऱ्या दिवशी नवी सिस्टीम बसली. पातळी मोबाइलवर दिसू लागली. मी दिवसभर खिशातून काढून बघत होतो.

सोमवारी पडद्यावर आलं: अकरा घरे, अकरा उत्तरे.

यादी नव्या सिस्टीमवर नेताना एक नाव गळलं असेल म्हणून मी सुमंगलाचा नंबर हातानं घातला. कंप्युटरनं सांगितलं, हा नंबर अस्तित्वात नाही. माझ्या मोबाइलमध्येही तो सापडेना. मी छत्री घेतली आणि वाड्यावर उतरलो. अकराव्या घरानंतर बांधापर्यंत गवत होतं, गुडघाभर, कुणाचं पाऊल न लागलेलं. शेजारची बाई जनेलातून म्हणाली, "हांगा घर केन्नाच नासलें, भाऊ. कोणाक सोदता?" म्हणजे इथं कधी घर नव्हतंच.

घरी पद्मावतीला, माझ्या बायकोला, सांगितलं. तिनं ताट वाढता वाढता हात थांबवला.

"खंयची सुमंगला? तुमकां भयण खंय आसा?"

मी राखीचं मनगट पुढं केलं.

"ती समीक्षान बांदली न्हू? विसरले?"

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, कारण ताटावर बसल्याबसल्या सुमंगलाचा चेहरा आठवायला मला थोडा वेळ लागला.

रविवारी समीक्षा नसताना मी पंपघरात गेलो. पाऊस पडत होता, पायऱ्या बावीस होत्या. डबा काढला, जुनी डिस्क लावली. कंप्युटर घरघरत उठला आणि पडद्यावर यादी आली. बारा घरे. मी हसलो असेन, रडलो असेन. मग यादीखालची लाल पट्टी दिसली. तिन्ही पंप चालू होते. मी जनेलातून बघितलं, तर दोनच पायऱ्या उरल्या होत्या आणि पाणी बांधाला टेकलं होतं.

कंप्युटर एकेका घराला फोन लावत होता. मी मेजावरच्या फोनवरून बारावं घर लावलं.

"दादा? आज सोमार न्हय मरे."

"सुमंगल, भायर सर! आत्ताच्या आत्ता!"

"दार उगडना, दादा. भायल्यान उदक दामता. उदक चुलीकडेन पावलां." ती घाबरलेली नव्हती, नेहमीसारखीच बोलत होती. "तू जेवलो?"

बांधाचा एक चिरा निसटल्याचा आवाज मी ऐकला. पडद्यावर एक चौकोन उघडला होता: नवी आवृत्ती तयार आहे. आता बसवायची? डावीकडे 'नंतर', उजवीकडे 'होय'.

अकरा घरांत चाळीसेक माणसं आहेत. त्यांच्यासाठी केलं असं मी कुणालाही सांगू शकेन. पण पाणी पंपघराच्या उंबऱ्याशी आलं होतं आणि मला माझ्या जिवाची भीती वाटली. फोन कानाला तसाच धरून मी उजवीकडे बोट नेलं आणि दाबलं.

आता पायऱ्या रोज बावीस असतात. रविवारी मी घरी असतो. डब्यातली डिस्क कोरी निघाली, समीक्षानं ती टाकून दिली. मी एकुलता एक मुलगा, असं सगळेच सांगतात, आणि मीही हल्ली तसंच लिहून देतो.

फक्त सोमवारी, अकरा घरे, अकरा उत्तरे असं पडद्यावर आलं की मेजावरच्या फोनच्या बोलायच्या भोकांतून पाणी झिरपू लागतं, गढूळ, लाल मातीचं. समीक्षा यायच्या आत मी ते फडक्यानं पुसून घेतो.