दोन बोटं माया

मास्तरीणबाईंना पालीची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, नवऱ्याची तर नव्हतीच नव्हती. त्यांना भीती होती ती एका वाक्याची. “अगं, माझंच ना हे?”

हे वाक्य त्यांची थोरली बहीण म्हणायची. लहानपणापासून ताईचे फ्रॉक, ताईचं दप्तर, ताईचे बूट, ताईची सायकल असं सगळं ताईला पुरून उरलं की धाकटीकडे यायचं. आणि चार माणसं जमली की ताई हमखास जवळ येऊन, कापड चिमटीत धरून विचारायची, “अगं, माझंच ना हे?” त्यात कुजकटपणा काही नव्हता हो. ताई मनाची मोठी. पण मनानं मोठ्या माणसांचाच जास्त जाच होतो. वाईट माणसाशी निदान कडाकडा भांडता तरी येतं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि त्यामागे फरशी घातलेलं टीचभर अंगण. त्यांचं लग्नसुद्धा या जुन्या कपड्यांनीच जुळवलं. कॉलेजातली एक मुलगी बहिणीचे कपडे आपल्या मापात करून घ्यायला सारखी दुकानात यायची आणि तरुण मास्तर हातातली कातर विसरून बघत बसायचे. दुसरा शिंपी असता तर जादा कापड कापून मोकळा झाला असता. मास्तर ते शिवणीच्या आत दुमडून ठेवायचे. पुढेमागे अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं, म्हणून आत राखलेल्या त्या कापडाला शिंपी लोक ‘माया’ म्हणतात. मास्तरांचा नियम ठरलेला होता, दोन बोटं माया. गिऱ्हाईक कोणी का असेना. त्या मुलीच्या कपड्यांत मात्र आपण अडीच बोटं ठेवायचो, हे त्यांनी लग्न झाल्यावर कबूल केलं.

तर गेल्या वर्षी ताईनं नवं गॅस ग्रिल घेतलं, सहा बर्नरचं. जुनं कुठे गेलं, ते सांगायला नकोच. मास्तरांच्या साडूंनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, ते स्वतः गाडीतून उतरवलं. “वापरा हो मास्तर, दम आहे अजून त्यात,” म्हणाले. मास्तरीणबाई हसल्या, चहा केला, आणि गाडी वळल्याबरोबर त्या ग्रिलवर ताडपत्री टाकली ती टाकलीच.

मग ताईचा फोन आला. “चिमे, पुढच्या रविवारी येतोय आम्ही तुझ्याकडे. ते ग्रिल वापरतेस की नाही गं?”

“ते होय? ते भंगारात दिलं,” मास्तरीणबाई बोलून गेल्या. फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. भंगारात गेलेलं ग्रिल ताडपत्रीतून एक पाय बाहेर काढून उभं होतं.

“मग देऊन टाकू खरंच,” मास्तर म्हणाले. “हाय काय अन् नाय काय.”

“आणि तिला काय घरात कोंडून जेवायला घालू? अंगणात बसायचं म्हणून येतेय ती.” मास्तरीणबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग एकदम बोलल्या, “अहो, मला फार काही नको. आयुष्यात एकदा तिनं माझ्या दारात यावं, माझी वस्तू बघावी आणि ते वाक्य म्हणू नये. बस्स.”

मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली. “तुझे कपडे मी असे फिरवून द्यायचो की मूळ शिवणाऱ्यानंही ओळख दाखवू नये. हे तर मेलं लोखंड.”

बोलणं सोपं असतं. ताडपत्री काढली तर झाकण गंजानं चिकटलेलं, तळाशी जुन्या चरबीचा थर आणि बर्नरच्या नळीत कोळ्यानं थाटलेला संसार. मास्तरांनी ते ग्रिल जुना कोट उसवावा तसं उसवलं. एकेक स्क्रू काढून बटणांच्या डब्यात ठेवला. बर्नरची बुजलेली छिद्रं जाड सुईनं एकेक करून मोकळी केली. तारेच्या ब्रशनं घासून घासून त्यांची बोटं काळी झाली, आणि त्याच हातांनी एका गिऱ्हाइकाची पांढरी पँट घेतल्यामुळे ती पँट फुकटात राखाडी रंगवून द्यावी लागली. गॅसची नळी तडकली होती, ती नवीन आणली. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते वाकून वाकून बघितलं. बाहेरून आचेला टिकणारा बाटलीहिरवा रंग दिला. झाकणाच्या मुठीला जुन्या लाकडी गजाचा तुकडा लावला, इंचांच्या खुणांसकट. आणि झाकायला खोळ शिवली ती अशी, की कॉलर काय, खिसे काय! त्या ग्रिलएवढे नीटनेटके कपडे मास्तरांच्या स्वतःच्या अंगावर कधी नव्हते.

एक खोड मात्र जाईना. बटण दाबलं की नुसतं टिक् टिक् व्हायचं. डाव्या कुशीत गुद्दा घातला की मगच भप्पकन पेटायचं. ताईकडे असताना तो गुद्दा कायम ताईच घालायची, साडूंना तो आयुष्यात जमला नाही. मास्तरांनी ठिणगीची वायर बदलून बघितली, तरी तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

“गुद्दा घातला की संपलंच,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “ताई डोळे मिटूनसुद्धा ओळखेल.”

मास्तरांनी डोकं लढवलं. माळ्यावरच्या जुन्या शिलाई मशीनचं पायडल काढून ग्रिलखाली बसवलं आणि त्याला दांडीनं एक छोटी हातोडी जोडली. पाय दाबला की हातोडी आतल्या बाजूनं डाव्या भिंतीवर टक्कन बसायची. बटण, पाय, टक्, भप्प! मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी वाजवल्या.

राहिली होती वरची जाळी. जुनी पार कुजलेली. तसली बाजारात मिळेना, म्हणून मास्तर वेल्डरकडे गेले. माप टेपनं घेतलेलं, अगदी सुताइतकं बरोबर. ते सांगून झालं आणि निघता निघता, चाळीस वर्षांची जीभ ती, वळलीच. “आणि उजवीकडे दोन बोटं माया ठेव.”

वेल्डरनं काळा चष्मा कपाळावर चढवला. “माया? लोखंडाला?”

“मास्तर मी आहे की तू?”

“तुम्ही,” वेल्डर म्हणाला आणि चष्मा खाली घेतला.

रविवारी सकाळी जाळी बसवायला घेतली. बसेना. डावीकडून घातली, उजवीकडून घातली, तिरकी करून घातली. दोन बोटं जास्त. मास्तरांनी वेल्डरला फोन लावला.

“अरे, जाळी मोठी झाली!”

“माया ठेव म्हणालात, ठेवली. वास्तविक लोखंड तापलं की आपणहून वाढतं, म्हणून थोडं कमीच धरायचं असतं. पण मास्तर तुम्ही.”

“मग आता ये आणि काप.”

“आता मी सासुरवाडीला आहे,” वेल्डर म्हणाला. त्याच्या मागे कोणीतरी त्याला आणखी एक पुरणपोळी वाढत होतं.

मास्तर पायरीवर मटकन बसले. मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले होते, पण बाई खमक्या. म्हणाल्या, “शिंपी ना तुम्ही? बटण मोठं असलं तर काय करता? बटण कापता?”

मास्तर ताडकन उठले. “काज पाडतो!”

लोखंड कापायची करवत घेऊन त्यांनी ग्रिलच्या उजव्या भिंतीला आडवं काज पाडलं, कानशीनं कडा घासल्या, जाळी त्यातून सरकवली. बसली! दोन बोटं बाहेर डोकावत राहिली, तर मास्तरीणबाईंनी त्यांना चिमटे आणि उलथणं अडकवून टाकलं. मुद्दाम केल्यासारखं दिसायला लागलं. पेटवून बघायला मात्र वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात दारात गाडी वाजली. साडू वेळेच्या आधी पोचणारे. असे लोक असतात.

ताई अंगणात आली आणि जागीच थबकली. “अगंबाई! चिमे, काय सुरेख आहे गं हे! कुठून आणलंस?”

मास्तरीणबाई दुधातल्या साखरेसारख्या विरघळल्या. “ह्यांनी बनवून घेतलं,” त्या म्हणाल्या. तसं ते खोटंही नव्हतं.

साडूंनी ग्रिलभोवती एक चक्कर मारली. “बर्नर तीनच? आमच्याला सहा आहेत. आणि मास्तर, आच नेहमी मागून द्यावी, पुढून नाही.” साडूंनी आजवर घरात अंडंही उकडलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला कुठे अंडं उकडावं लागतं?

कोंबडीचे तुकडे, कणसं, बटाटे, ढबू मिरच्या, सगळी परात तयार होती. मास्तरांनी झाकण उघडलं, ऐटीत गॅस सोडला, बटण दाबलं, पायडल दाबलं. टक्. काही नाही. गॅस बंद करून थोडं थांबले, पुन्हा सोडला, पुन्हा पाय दाबला. टक् कसलं, नुसतं थप्. मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाळीचं दुसरं टोक डाव्या भिंतीला घट्ट टेकलं होतं, हातोडीचा दणकाच मेला होता. मायेनं घात केला! ते पायडल मारत राहिले, जणू समोर शिवायला कापडच घेऊन बसलेत.

“अहो मास्तर, काय शिवताय?” साडू म्हणाले.

“अगंबाई, पेटत कसं नाही?” ताई बोलता बोलता पुढे झाली, हातातली बशी साडूंकडे दिली, आणि सवयीनं डाव्या कुशीत एक गुद्दा घातला.

भप्प!

ज्योती रांगेत उभ्या राहिल्या. ताईची मूठ हवेतच राहिली. तिनं मुठीकडे बघितलं, मग ग्रिलकडे, मग धाकटीकडे. मास्तरीणबाई त्या वाक्याची वाट बघू लागल्या. आता येणार. भंगारात दिलं होतंस ना, असंही येणार. साडूंच्या देखत येणार.

ताईनं तोंड उघडलं. “मास्तर, हे उजवीकडून काय बाहेर आलंय?”

मास्तरांना थापा मारता येत नाहीत, हा त्यांचा दोष सबंध गल्लीला माहीत आहे. “माया,” ते म्हणाले, आणि वेल्डरची सगळी हकीकत खाली मान घालून सांगितली.

ताई हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. साडू तर “लोखंडाला माया! लोखंडाला माया!” करत अंगणभर फिरले. मग ताईचं हसणं थांबलं आणि पाणी थांबेना.

“चिमे, तुला वाटतं नवे कपडे मला मिळाले. मिळाले गं. पण आई म्हणायची, वाढत्या अंगाचे शिवा, दोघींना पुरले पाहिजेत. बाह्या बोटांच्या खाली, खांदे कोपरावर. शाळेत मला बुजगावणं म्हणायचे. आणि कुठे अंगाला नीट बसायला लागला, की आई म्हणायची, आता धाकटीला दे. पुढे तू मास्तरांकडे जायला लागलीस. माझाच कपडा घालून यायचीस, पण अंगावर बेतल्यासारखा! मी बघतच राहायचे. म्हणून तर जवळ येऊन विचारायचे, अगं, माझंच ना हे? मला खरंच ओळखू यायचं नाही.”

एवढी वर्षं मास्तरीणबाई ज्या वाक्याला भ्याल्या, ते वाक्य मुळी प्रश्नच होता! त्यांना हसावं की रडावं कळेना. त्या ताईजवळ खाली फरशीवर बसल्या.

“ताई, हे ग्रिल तुझंच आहे. भंगारात नाही दिलं. मी खोटं बोलले.”

“गुद्दा घातला तेव्हाच कळलं मला. तुझं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून गप्प बसले.” ताईनं डोळे पुसून पुन्हा एकदा ग्रिलकडे बघितलं, हिरव्या रंगाकडे, पायडलकडे, काजाकडे. “पण माझं असं कुठे होतं गं? हे तुझंच.”

जेवणं रंगली. एका बाजूची कणसं करपली, कारण साडूंनी आच मागून दिली. हात धुऊन ताई मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

“मास्तर, मला एक फ्रॉक शिवा. हसू नका. पन्नाशी उलटली माझी, आता काही मी वाढत्या अंगाची नाही. एकदा तरी मापाचा घालते. माया-बिया काही नको.”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि तिथेच अंगणात माप घेतलं. खांदा, बाही, उंची. ताई शाळेत उभी राहावी तशी ताठ उभी होती. माप झालं, ती साडूंना हाक मारत गाडीकडे गेली, तशा मास्तरीणबाई नवऱ्याच्या कानाशी आल्या.

“अहो, माया किती ठेवताय?”

“नको म्हणाल्या ना त्या.”

“अडीच बोटं ठेवा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आतून ठेवा. तिला कळायला नको.”