एक गोंडा सुटा

मी एक जुना कोसा रेशमाचा गळपट्टा आहे, मित्रांनो. आंधळगावातल्या एका विणकराच्या घरी, मागाच्या खोलीत खुंटीवर टांगलेला असतो. रंग माझा पूर्वी मधासारखा होता. आता काय, उडालाच. पण अंगावर इंजिनाच्या तेलाचा एक डाग आहे, तो मी अजून मिरवतो. आकाशात लढून आलोय मी, थट्टा नाही!

माझं सूत कुंताबाईंनी मांडीवर वळलं आणि त्यांचे यजमान कवडूजी यांनी मला विणलं. मुलगा जागेश्वर नौदलात लढाऊ वैमानिक झाला होता. विमानात मान सारखी वळवावी लागे, जाड कॉलरनं कातडी सोलून निघे. म्हणून त्याला मऊ रेशीम हवं होतं. कुंताबाईंनी माझ्या टोकांचे सगळे गोंडे बांधले, एक मात्र सुटा ठेवला. त्या घरची रीतच तशी. दूर जाणाऱ्याच्या कापडात थोडं काम बाकी ठेवायचं.

"हा तू घरी आल्यावर बांधीन," त्या म्हणाल्या. "काम बाकी राहिलं का माणूस येतेच."

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही बंगालच्या उपसागरात होतो. जहाजाच्या पाठीवरूनच विमानं उडत. गलोलीतून खडा सुटावा तसे आम्ही सुटायचो. मी जागेश्वरच्या मानेला घट्ट बिलगायचो! शत्रूच्या बंदरावर गेलो की खालून तोफा धडधडत. पण खरी भीती परतताना. डुलणाऱ्या जहाजावर उतरायचं आणि आडवी ताणलेली तार विमानाच्या आकड्यानं पकडायची. एकदा ती हुकली. इंधन संपत आलेलं. पुन्हा घिरटी घालताना जागेश्वर पुटपुटला, "माय, गोंडा बाकी आहे." दुसऱ्या खेपेला तार सापडली.

खाली उतरून तो तिथंच उभा राहिला. मागच्या विमानात मॅथ्यू होता, त्याच्याच खोलीत राहणारा. मला 'जागेश्वरची ओढणी' म्हणून चिडवायचा, द्वाड. संध्याकाळपर्यंत आम्ही आकाशाकडे पाहत राहिलो. मॅथ्यू आला नाही.

युद्ध जिंकलं. जागेश्वर सुट्टीवर आला, गावानं हार घातले. कुंताबाईंनी मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं आणि गोंडा बांधायला बसल्या. पण लेक अंगणात उभा, नजर पूर्वेच्या आभाळात. त्यांनी मला खाली ठेवलं.

"राहू दे. तू आजून आलाच नाही रे."

दर सुट्टीत हेच. मी आशेनं टोक पुढे करायचो आणि तसाच पेटीत जायचो. पुढं चौऱ्याऐंशीत तो नोकरी सोडून कायमचा घरी आला. शेती, धानाची बांधी पाहू लागला. तरी संध्याकाळ झाली की तलावाच्या पारीवर, मातीच्या बांधावर जाऊन आभाळ बघत बसे. एके दिवशी कुंताबाई मला घेऊन त्याच्या मागं गेल्या.

"कोणाची वाट पाहून राहिला रे तू?"

"मॅथ्यूची, माय. मी उतरलो, तो उतरलाच नाही." आणि तो लहान पोरासारखा रडला. इतक्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. हार घालणाऱ्यांनीही नाही.

कुंताबाईंनी सुटे धागे बोटांत धरले. मला वाटलं, आता बांधतात! किती वाट पाहिली होती मी त्या बोटांची. पण त्यांनी धागे नुसते सरळ केले.

"तू आलास रे बाबू. हा आता त्याच्या नावानं राहू दे. तो बी घरीच निघाला होता."

मित्रांनो, कुंताबाई आता नाहीत. त्यांच्या बोटांची आठवण आली की मी खुंटीवर उगाच हलतो. लढून आलेला माणूस दारात दिसला तर हार जरूर घाला, पण त्याच्याजवळ बसून विचाराही. आणि मला धुवा, उन्हात वाळवा, कसरीपासून जपा. फक्त तो एक गोंडा बांधू नका. मॅथ्यू यायचा आहे.