दूध संस्थेची बुलेट

मी एक जुनी बुलेट मोटारसायकल बोलतेय. केज तालुक्यात, नांदूरघाटापासून थोडं आत, एका लहान गावातल्या दूध संस्थेच्या पत्र्याच्या खोलीपुढे मी उभी आहे. वय विचारू नका. माझा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे, यावरून काय ते समजा. हल्लीचे लोक माझ्यावर बसतात, ब्रेक समजून गिअर दाबतात आणि वर शिव्या मलाच घालतात.

माझा जन्म मद्रासकडच्या कारखान्यातला. तिथून आले ती गेवराईच्या निवृत्तीरावांकडे. ते एका सहकारी साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. कुणाच्या रानात किती ऊस उभा आहे, तोड कधी द्यायची, हे बघत चकलांब्यापासून गोदाकाठापर्यंत हिंडायचं हे त्यांचं काम, आणि मी त्यांची दौऱ्याची गाडी. सुट्टी लागली की मागे बायकोला बसवून ते लांबलांब जात. हैदराबादला दोनदा आणि गोव्याला एकदा मी याच चाकांवर जाऊन आले आहे. हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

निवृत्तीराव निवृत्त झाले, गुडघे गेले आणि मी गोठ्यात गेले. अंगावर गोणपाट टाकलं होतं. अकरा वर्षं मी तिथे उभी होते. सीटवर कोंबड्या अंडी घालत. कुणी वाईट वागलं नाही हो, पण कुणाला माझी आठवणही नव्हती. ते जास्त लागतं.

मग दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. इथल्या दूध संस्थेचं दूध न्यायला जो टेम्पो यायचा, तो एवढ्याशा दुधासाठी यायचा बंद झाला. शीतकरण केंद्र बावीस किलोमीटरवर. तेव्हा संस्थेचा सचिव राधाकिशन आणि अध्यक्षा सरूबाई मला बघायला आले.

राधाकिशनला गुरांची पारख होती, गाड्यांची नव्हती. तो माझ्याभोवती दोनदा फिरला, पाठीवरून हात फिरवावा तसा सीटवरून हात फिरवला, वाकून खाली बघितलं. ताजं पेट्रोल घालून निवृत्तीरावांनी काठी टेकून कशीबशी किक मारली. तिसऱ्या किकला मी बोलले. अकरा वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि खरं सांगते, मला भरून आलं.

"लई दणकट हाय," राधाकिशन म्हणाला.

"दूध नासायच्या आत पोचवंल का, ते बघा," सरूबाई म्हणाल्या. "बाकी कशाला पायजे दणकटपणा?"

गावातल्या सव्वीस बायकांचं दूध होतं ते. शेतात काही उरलं नव्हतं, ऊसतोडीला जाण्याइतकं अंगात बळ नव्हतं, अशांच्या घरात चूल पेटत होती ती एकेका म्हशीवर. केंद्राचा नियम असा, की एका महिन्यात तीनदा नासलेलं दूध आलं, तर त्या संस्थेचं दूध बंद. हा नियम राधाकिशनने खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता.

सुरुवातीचे तीन महिने चांगले गेले. पहाटे दोन्ही अंगाला दुधाच्या कॅनी लटकवायच्या आणि निघायचं. केंद्रावर कॅनी रिकाम्या झाल्या की राधाकिशन त्या विसळून जवळच्या बोअरवर पाण्याने भरून घेई. गावात टँकर आठवड्याने यायचा. त्यामुळे जाताना दूध आणि येताना पाणी अशी माझी रीत पडली. खोलीपुढे घागरींची रांग लागलेली असे. मला बघून माणसांचे चेहरे खुलतात, हे सुख निवृत्तीरावांकडेही मिळालं नव्हतं.

मार्च लागला तसं पाणी पुरेना. मग राधाकिशन आणखी एक कॅन माझ्या पेट्रोलच्या टाकीवर, आपल्या दोन हातांच्या मध्ये ठेवू लागला. त्या कॅनचं झाकण सैल होतं. खड्डा आला की पाणी हिंदकळून टाकीच्या झाकणावर पडायचं. झाकणाला वारा आत जायला एक बारीक भोक असतं, त्यातून थेंब थेंब आत उतरायचं. चार दिवसांत मी खोकायला लागले.

नांदूरघाटच्या कचरू मिस्त्रीने कार्बोरेटर खोलला आणि तळहातावर उलटा केला. "पेट्रोलमदी पानी हाय बे! कुठून आणलं?"

टाकीवरच्या कॅनचं राधाकिशनने सांगितलं नाही. तिसरी कॅन जास्तीची आहे, ती ठेवू नका असं मिस्त्री म्हणेल, ही त्याला भीती. घरी येऊन त्याने आपल्या मनाने इलाज केला. गळक्या टाकीला इकडे साबण लावतात, ते त्याला ठाऊक होतं. त्याने ओला साबण त्या भोकात अंगठ्याने गच्च दाबून भरला. उन्हात तो दगडासारखा वाळला. पाणी आत जायचं थांबलं आणि राधाकिशनला हायसं वाटलं.

माझा मात्र जीव घुसमटला. वारा आत आल्याशिवाय टाकीतलं पेट्रोल खाली उतरत नाही. नऊ-दहा किलोमीटर गेलं की मी बंद. राधाकिशन प्लग काढी, पुसी, घाली. काही होईना. पुन्हा कचरू मिस्त्री. त्याने प्लग बदलला, पॉइंट घासले, वायर बदलली. शेवटी हात पुसत म्हणाला, "म्हातारी गरम व्हायलीय. बंद पडली की अर्धा तास गार होऊ द्या, मग किक मारा."

झालं! तेव्हापासून मी बंद पडले की राधाकिशन मला बाभळीखाली लावी, इंजिनावर ओलं फडकं टाकी आणि घड्याळ बघत बसे. अर्धा तास झाला की पेट्रोल आहे ना म्हणून झाकण उघडून आत बघे, झाकण लावी आणि किक मारी. मी लगेच सुरू. "गार झाली," तो म्हणे. अरे, गार कसली? तू झाकण उघडलंस म्हणून वारा आत गेला! ते अर्धा तास आधी उघड ना! मी किती ओरडले असेन आतल्या आत. पुढे तर वाटेत अडायला नको म्हणून तो टाकी काठोकाठ भरू लागला. भरल्या टाकीत वाऱ्याला जागाच नसते, मी आणखी लवकर बंद पडू लागले. माणसं ज्याला औषध समजतात त्यावर संशय घेत नाहीत, हे मी तेव्हा शिकले.

एप्रिलचं ऊन आणि वाटेत दोन थांबे. केंद्रावरचा माणूस नळीत दूध तापवून बघायचा. पहिल्यांदा फाटलं तेव्हा तो म्हणाला, होतं असं. दुसऱ्यांदा त्याने वहीत लिहून घेतलं. तिसऱ्यांदा त्याने कॅनी तशाच परत दिल्या आणि एक कागद दिला. त्या दिवशी राधाकिशनने येताना पाणी भरलं नाही. ते सगळं दूध त्याने रस्त्याच्या कडेला ओतलं आणि तिथेच बसून राहिला.

दूध बंद झालं तशी दुधाच्या पैशावर येणारी पेंडही बंद झाली. बायका एकेक करून म्हशी बाजारात नेऊ लागल्या. भिवराबाईची म्हैस पहिली गेली. एकट्या बाईचं ते एकुलतं एक जनावर होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी खोलीपुढे सगळ्या जमल्या. केंद्राकडे अर्ज करायचा होता. गाडीचं नेमकं काय होतं, ते सरूबाईंनी राधाकिशनला पहिल्यापासून सांगायला लावलं. तो सांगत गेला. चालते, बंद पडते, गार करतो, झाकण उघडून बघतो, सुरू होते.

"झाकण न उघडता कधी चालू झाली का?" सरूबाईंनी विचारलं.

राधाकिशन विचारात पडला. "न्हाई."

"अवो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतंय का? वाऱ्याला दुसरं पाडावं लागतंय." त्या उठल्या, झाकण काढून उलटं केलं, केसातली पिन काढून भोक टोकरलं. पांढरा चुरा पडला. त्यांनी वास घेतला. "साबण हाय की ह्यो. कुणी भरला?"

राधाकिशनला गप्प राहता आलं असतं. गोठ्यातल्या अकरा वर्षांवर, मिस्त्रीवर, कशावरही ढकलता आलं असतं. तो उभा राहिला.

"मी भरला," तो म्हणाला. "पानी जात होतं म्हणून. गाडीची चूक न्हाई. मिस्त्रीची न्हाई. तुमचं दूध मी नासवलं." आणि भिवराबाईकडे बघून म्हणाला, "तुमची म्हैस मी घालवली."

भिवराबाई म्हणाल्या, "कावून असं बोलता? जास्तीचं पानी आणायलाच ठेवली ना ती कॅन? माझ्या म्हशीनंबी तेच पानी पेलं." पदराने तोंड पुसलं. "उद्या जाणार हाव ना पान्याला? घागर घिऊन येते."

अर्जाला अजून उत्तर नाही. मी रोज जाते. जाताना रिकाम्या कॅनी, येताना पाणी. बावीस किलोमीटर कुठेही न थांबता जाते, आता घाई कशाचीच नसताना. हाडं खिळखिळी झाली आहेत, एक दिवस खरंच बंद पडेन, त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते एवढंच, की राधाकिशन आता माझ्याशी बोलत नाही. पूर्वी किक मारताना "चल गं बाई" म्हणायचा. आता मान खाली घालून किक मारतो. तुम्ही कधी या बाजूला आलात, तर त्याला सांगा, की बुलेटचा तुझ्यावर राग नाही. तुम्हाला बोलता येतं.